ट्रकच्या खेपा वाढल्या म्हणजे अर्थव्यवस्था वाढली का?

कपडे धुण्याच्या यंत्राला लागणाऱ्या पत्र्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहावा. खाणीतून निघालेले खनिज ट्रकमध्ये भरून पोलादाच्या कारखान्यात जाते. तेथे त्याचा पत्रा होतो आणि पत्र्याची अवजड गुंडाळी दुसऱ्या ट्रकवर साखळदंडांनी बांधून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याकडे रवाना होते. हे भाग तिसऱ्या ट्रकमधून जुळणीच्या कारखान्यात येतात. जुळलेले यंत्र खोक्यात बंद होऊन मध्यवर्ती गोदामात, तेथून विभागीय गोदामात, तेथून दुकानात आणि अखेर छोट्या टेम्पोतून ग्राहकाच्या दारात पोहोचते. घरात आलेली वस्तू एकच असते, परंतु तिच्यातील धातू तोवर सात वेळा वाहनात चढलेला आणि सात वेळा उतरलेला असतो, आणि मालवाहतुकीची आकडेवारी ठेवताना त्याचे वजन बहुतेक खेपांना नव्याने मोजले गेलेले असते. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ठेवणारे खाते असे करत नाही. प्रत्येक टप्प्यावर नव्याने पडलेली मूल्याची भर तेवढी ते धरते आणि एकच मूल्य दोनदा मोजले जाऊ नये याची काळजी घेते.

रस्त्यावरील मालवाहतूक आणि आर्थिक वाढ यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर दोन हिशेबांमधील हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. हे दोन्ही आकडे पुष्कळदा एकाच दिशेने जातात, त्यामुळे एक वाढला की दुसरा वाढलाच असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये चार-पाच गुणोत्तरांची एक साखळी असते आणि तिची प्रत्येक कडी काळानुसार, देशानुसार आणि नियमांनुसार बदलत राहते. त्याहून महत्त्वाचे असे की माल हलवणे हा उत्पादनासाठी करावा लागणारा खर्च आहे. जो माल ५० किलोमीटरवरून आणता येतो तो ५०० किलोमीटरवरून आणल्याने कोणी श्रीमंत होत नाही.

प्रथम मापांविषयी, कारण या विषयातील निम्मे गैरसमज मापांच्या गोंधळातून जन्मतात. मालवाहतूक तीन प्रकारे मोजली जाते. किती टन माल वाहनांत चढला हे पहिले माप. तो किती अंतर गेला हेही धरले की टन-किलोमीटर हे दुसरे माप मिळते. २० टन माल ३०० किलोमीटर नेला तर ६,००० टन-किलोमीटर झाले, आणि तोच माल १०० किलोमीटरवरील पुरवठादाराकडून घेतला तर केवळ २,००० झाले. तिसरे माप वाहन-किलोमीटरचे, म्हणजे ट्रकची चाके प्रत्यक्षात किती धावली याचे. वरील २० टन एकाच ट्रकने ३०० किलोमीटर नेले आणि तो ट्रक रिकामा परतला तर ६०० वाहन-किलोमीटर झाले. तोच माल निम्म्या भरलेल्या दोन ट्रकनी नेला तर १,२०० झाले. माल तोच, अंतर तेच, टन-किलोमीटरही तेच, परंतु रस्त्यावरील गर्दी, धूर आणि इंधनाचा खर्च जवळजवळ दुप्पट. महामार्गावर उभे राहून आपल्याला दिसते ते हे तिसरे माप असते आणि अर्थतज्ज्ञांच्या चर्चेत बहुधा दुसरे माप असते. त्यामुळे दोन माणसे एकाच वाक्यात वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

हे नाते आकड्यात मांडण्यासाठी लवचिकता ही संकल्पना वापरतात. सकल देशांतर्गत उत्पादन ४ टक्क्यांनी वाढले आणि टन-किलोमीटरही ४ टक्क्यांनी वाढले तर लवचिकता १. टन-किलोमीटर २ टक्केच वाढले तर ०.५. फिनलंडचे संशोधक पेट्री टापियो यांनी २००५ मध्ये यासाठी एक उपयुक्त मोजपट्टी सुचवली. त्यांच्या मते लवचिकता ०.८ ते १.२ या पट्ट्यात असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत असे समजावे. ती शून्य ते ०.८ च्या दरम्यान असेल तर सौम्य फारकत, आणि उत्पादन वाढत असताना वाहतूक प्रत्यक्ष घटत असेल तर पक्की फारकत. लवचिकता १.२ च्या वर गेली तर वाहतूक उत्पादनापेक्षा वेगाने वाढते आहे. ही अवस्था वाढीची खूण म्हणून मिरवण्याजोगी नाही, कारण तेवढ्याच मूल्याच्या वस्तूसाठी आता पूर्वीपेक्षा अधिक माल किंवा अधिक अंतर हलवावे लागते आहे असा तिचा अर्थ होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक औद्योगिक देशांत या दोन रेषा जवळजवळ पावलाला पाऊल लावून चालल्या. त्यामुळे नियोजनकारांनी हे नाते नियमासारखे गृहीत धरले आणि अर्थव्यवस्था पुढील वीस वर्षांत किती वाढेल याचा अंदाज बांधून त्यावरून किती रस्ते लागतील हे काढण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत सोयीची होती, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले होते. मधली साखळी आहे तशीच राहील, हे ते गृहीतक.

साखळीच्या कड्या

पहिली कडी म्हणजे मालाचे मूल्य आणि त्याचे वजन यांचे प्रमाण. एक फोन २०० ग्रॅमचा धरला तर टनभर वजनात ५,००० फोन बसतात. टनभर खडी म्हणजे एका खोलीच्या पायाचा जेमतेम एक कोपरा. जेव्हा एखादा देश रस्ते, धरणे, घरे आणि कारखाने उभारण्याच्या टप्प्यात असतो, तेव्हा त्याच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या वजनाचा मोठा भाग खडी, वाळू, सिमेंट आणि पोलाद यांचा असतो, आणि त्या काळात उत्पन्न वाढले की ट्रक वाढतातच. उभारणीचा भर ओसरतो आणि उत्पन्नातील नवी भर शिक्षण, वैद्यकीय सेवा, विमा, संगणकप्रणाली अशा क्षेत्रांतून येऊ लागते, तेव्हा तेवढ्याच वाढीसाठी फार कमी वजन हलवावे लागते. सेवाक्षेत्राला ट्रक लागतच नाही असे नाही. रुग्णालयाला प्राणवायूच्या टाक्या, औषधे आणि अन्न रोज लागते. पण डॉक्टरांच्या तपासणीचे मूल्य काट्यावर ठेवून मोजता येत नाही.

वस्तूंच्या व्यापारातही वजन हा शब्द फसवा आहे. फोमच्या गाद्यांनी छतापर्यंत भरलेला ट्रक पाहावा. मागचे दार लावण्यासाठी दोन माणसांनी खांद्याने शेवटची गादी आत रेटलेली असते, एक उशीही आणखी मावणार नाही. तोच ट्रक वजनकाट्यावर घेतला तर त्याच्या वहनक्षमतेचा लहानसा हिस्साच वापरला गेल्याचे दिसते. डोळ्यांना ट्रक भरलेला, टनांच्या आकडेवारीत तो जवळजवळ रिकामा. हलक्या आणि जागा खाणाऱ्या वस्तू, त्यांच्याभोवतीची वेष्टने आणि फोलपट भरलेली खोकी वाढत गेली की टन फारसे वाढत नाहीत, पण वाहन-किलोमीटर वाढतात.

दुसरी कडी आपण पत्र्याच्या प्रवासात पाहिली. एकच माल किती वेळा चढतो आणि उतरतो, ही ती कडी. उत्पादनाची कामे जितक्या अधिक कारखान्यांत विभागली जातात तितक्या खेपा वाढतात, आणि एखाद्या कंपनीने सुटे भाग स्वतःच्याच आवारात बनवायचे ठरवले तर त्या खेपा आकडेवारीतून नाहीशा होतात, कारण आवारातल्या आवारात हलवलेला माल रस्त्यावर येतच नाही. याच्या उलट, एखादा उद्योग संपूर्णपणे परदेशी गेला तर त्याच्या आधीच्या सगळ्या खेपा त्या देशाच्या रस्त्यांवर पडतात आणि इकडे बंदरापासून दुकानापर्यंतच्या खेपा तेवढ्या उरतात. आयात करणाऱ्या देशाने वाहतूक कमी केली असे तेव्हा कागदावर दिसते. वास्तवात ती दुसऱ्याच्या अंगणात गेलेली असते. फारकतीचे कौतुक करण्यापूर्वी हा ताळा करून पाहिला पाहिजे असे मला आग्रहाने वाटते.

तिसरी कडी सरासरी अंतराची. गोदामांचे केंद्रीकरण हे याचे उत्तम उदाहरण आहे. साठ्याच्या नियोजनात एक ढोबळ नियम वापरला जातो. अडीअडचणीसाठी ठेवावा लागणारा राखीव साठा गोदामांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे चार गोदामांऐवजी एकच मोठे गोदाम ठेवले तर राखीव साठा साधारण निम्म्यावर येतो. साठ्यात अडकलेले भांडवल मोकळे होते, जागेचे भाडे वाचते, आणि त्याच्या मोबदल्यात प्रत्येक खेपेचे अंतर वाढते. वाहतूक स्वस्त असेपर्यंत हा सौदा कंपनीला परवडतो. अशा वेळी टन-किलोमीटर वाढलेले दिसतात, परंतु विकलेल्या वस्तूंची संख्या तीच असते. वाढ झालेली असलीच तर ती काटकसरीच्या रूपाने झालेली असते. जपानमधील टोयोटाने विकसित केलेली, गरज पडेल तेव्हाच आणि तेवढाच माल मागवण्याची पद्धतही साठा कमी करते आणि लहान लहान खेपा वाढवते. या पद्धतीला रेल्वेपेक्षा ट्रक सोयीचा पडतो, कारण तो ठरलेल्या घटकेला थेट कारखान्याच्या फाटकात उभा राहू शकतो.

रस्ता, रेल्वे आणि जलमार्ग यांच्यातील वाटणी ही चौथी कडी. कोळसा, धान्य, खनिज यांसारखा ठोक माल रेल्वेला सोयीचा असतो. अशा मालाचे महत्त्व घटले आणि डब्याबंद, वेळेला बांधलेल्या मालाचे वाढले की रस्त्याचा वाटा आपोआप वाढतो, एकूण माल वाढलेला नसतानाही.

शेवटची कडी वाहन किती भरून जाते आणि रिकामे किती धावते याची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. परतीचे भाडे मिळणे हा प्रत्येक वाहतूकदाराच्या धंद्यातील जीव की प्राण आहे. खाणीतून खडी घेऊन गेलेला टिपर परतताना रिकामाच येतो, कारण खाणीकडे न्यायला कोणाकडे काही नसते. इंधनाच्या टँकरमधून परतताना धान्य आणता येत नाही. कारखान्यांच्या पट्ट्यातून उपभोगाच्या शहराकडे माल वाहतो, तेवढा उलट वाहत नाही. युरोपीय संघात ट्रक जितके किलोमीटर धावतात त्यांपैकी साधारण एक पंचमांश रिकामे असतात. यातला काही भाग अटळ आहे, परंतु काही भाग नियमांनी लादलेलाही असतो. अमेरिकेत १९८० पूर्वी कोणत्या वाहतूकदाराने कोणता माल कोणत्या मार्गाने न्यावा हे आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या परवान्यावर ठरत असे. जाताना माल नेण्याचा परवाना होता, परतताना दुसरा माल घेण्याचा नव्हता, अशी स्थिती अनेकांची होती. १९८० च्या मोटार वाहतूक कायद्याने ही बंधने बरीच सैल केली. त्यापूर्वी परवान्याअभावी रिकामे धावलेले किलोमीटर वाहतुकीच्या मोजणीत होते, पण त्यांतून कोणत्याही वस्तूच्या मूल्यात काडीचीही भर पडलेली नव्हती.

जेव्हा दोन रेषा वेगळ्या झाल्या

ब्रिटनचा अनुभव या विषयात वारंवार सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. १९९७ ते २००४ या काळात तेथील सकल देशांतर्गत उत्पादन महागाई वजा करता सुमारे एक पंचमांशाने वाढले, तर रस्त्यावरील मालवाहतुकीचे टन-किलोमीटर जवळजवळ जागच्या जागी राहिले. अनेकांना हे पर्यावरणाच्या दृष्टीने मोठे यश वाटले. एडिनबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठातील ॲलन मॅकिनन यांनी २००७ मध्ये या आकड्यांची बारकाईने छाननी केली, तेव्हा चित्र गुंतागुंतीचे निघाले. रेल्वेसह इतर साधनांचा वाटा वाढला होता आणि रस्त्याचे भाडे महागाईपेक्षा अधिक वाढले होते, ही दोन कारणे खरी आणि महत्त्वाची होती. परंतु एक मोठे कारण निव्वळ मोजणीचे होते. ब्रिटनची पाहणी ब्रिटनमध्ये नोंदणी झालेल्या ट्रकवर आधारलेली होती. युरोपातील बाजार खुला झाल्यानंतर परदेशी नोंदणीचे ट्रक ब्रिटनच्या रस्त्यांवरून अधिकाधिक माल वाहू लागले आणि ते या पाहणीच्या जाळ्यात सापडतच नव्हते. चाके धावत होती, धूर निघत होता, रस्ते झिजत होते, पण आकडा स्थिर होता.

अमेरिकेत २०२३ मध्ये उलट्या बाजूने असाच धडा मिळाला. त्या वर्षी तेथील अर्थव्यवस्था चांगली वाढली, तरी ट्रकवरील मालाचे वजन आदल्या वर्षापेक्षा घटले आणि मालवाहतूक व्यवसायात मंदी असल्याची चर्चा सुरू झाली. अनेक वाहतूकदारांनी धंदा बंद केला. अर्थव्यवस्था वाढत असताना ट्रक थांबून का राहावेत? उत्तर उत्पन्नाच्या घडणीत होते. साथीच्या काळात लोक घरी अडकले होते, प्रवास, उपाहारगृहे, नाटके बंद होती, त्यामुळे पैसा फर्निचर, दूरचित्रवाणी संच, व्यायामाची साधने अशा वस्तूंकडे वळला आणि कामाला ट्रक अपुरे पडू लागले. त्या तेजीत नव्या वाहतूकदारांची रीघ लागली. पुढे लोक पुन्हा सेवांवर खर्च करू लागले, दुकानांनी भीतीपोटी भरून ठेवलेला साठा आधी खपवायचे ठरवले आणि नव्या मालाची मागणी कमी केली. उत्पादनाच्या एकूण आकड्यात एका सहलीवर झालेला खर्च आणि तेवढ्याच किमतीच्या सोफ्यावर झालेला खर्च सारखाच मोजला जातो. ट्रकच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

एवढे सारे असूनही मालवाहतुकीकडे अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून पाहणे चुकीचे नाही, मात्र ती कशाची नाडी आहे हे ओळखले पाहिजे. जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून महामार्गांवर ट्रककडून (सुरुवातीला १२ टन आणि त्याहून मोठ्या) अंतरानुसार पथकर घेतला जातो आणि त्यासाठी ट्रक किती धावले याची नोंद यंत्रणेत आपोआप होते. या नोंदींवरून तेथील सांख्यिकी कार्यालय चार किंवा अधिक आसांच्या (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यांच्या) ट्रकच्या धावण्याचा निर्देशांक प्रसिद्ध करते. कारखान्यांच्या उत्पादनाचे अधिकृत आकडे यायला अनेक आठवडे लागतात, पथकराचे आकडे महिना संपल्यावर थोड्याच दिवसांत हाती येतात. २०२० च्या वसंतात कारखाने थांबले तेव्हा ही घसरण या निर्देशांकात लगेच दिसली. जर्मनीत तो उपयोगी ठरतो, कारण तेथे मोठे ट्रक प्रामुख्याने कारखान्यांचा माल वाहतात. म्हणजे तो औद्योगिक उत्पादनाची चाहूल देतो. बँका, विद्यापीठे आणि केशकर्तनालये यांची हालहवाल त्यातून कळत नाही.

चीनचे पुढे पंतप्रधान झालेले ली खछ्यांग २००७ मध्ये ल्याओनिंग प्रांताचे प्रमुख पक्षनेते होते. एका भेटीत त्यांनी अमेरिकी राजदूतांना सांगितले की प्रांताची खरी स्थिती जाणण्यासाठी आपण विजेचा वापर, रेल्वेवरील मालवाहतूक आणि बँकांचे कर्जवाटप या तीन गोष्टी पाहतो. २०१० मध्ये हे संभाषण उघड झाले आणि त्यावरून एक निर्देशांकच तयार झाला. अवजड उद्योगांच्या प्रांतासाठी ही निवड मार्मिक होती. चीनची अर्थव्यवस्था सेवांकडे जसजशी झुकत गेली तसतसा हाच निर्देशांक वाढीला कमी लेखू लागला.

कोण कोणाच्या मागे चालते?

आता सर्वांत अवघड प्रश्न. वाढीमुळे वाहतूक वाढते, की वाहतुकीमुळे वाढ होते? मालवाहतुकीची मागणी ही साधित मागणी आहे, म्हणजे ट्रक फिरवण्यासाठी कोणी ट्रक फिरवत नाही, कोठेतरी काही विकले गेले म्हणून तो निघतो. या अर्थाने वाढ पुढे आणि ट्रक मागे. परंतु रस्ताच नसेल तर विकले जाणार काय? ज्या ठिकाणाहून नाशवंत माल वेळेत बाजारात पोहोचत नाही तेथे तो पिकवलाच जात नाही. वाहतूक स्वस्त आणि भरवशाची झाली की बाजाराचा परीघ रुंदावतो, प्रत्येक प्रदेशाला आपल्याला चांगले जमते ते करून बाकीचे बाहेरून आणता येते, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे परवडते. म्हणजे वाढीला चालना मिळते ती कमी खर्चात आणि ठरल्या वेळी माल पोहोचवण्याच्या क्षमतेमुळे. किलोमीटरची संख्या हा त्या क्षमतेचा एक परिणाम असतो आणि तोही नेहमी एकाच दिशेचा नसतो.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील अर्थतज्ज्ञ जॉन फर्नाल्ड यांचा १९९९ मधील अभ्यास येथे फार उपयोगी पडतो. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले आणि त्याच काळात उत्पादकताही वाढली, पण नुसते एकाच काळात घडणे हा पुरावा होत नाही. फर्नाल्ड यांनी वेगळा मार्ग धरला. रस्त्यांमुळेच उत्पादकता वाढली असेल तर ज्या उद्योगांत वाहनांचा वापर अधिक त्यांना अधिक लाभ झालेला दिसला पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला आणि १९५३ ते १९८९ च्या आकड्यांत तो खरा ठरला. तरीही त्यांचा निष्कर्ष रस्तेबांधणीच्या सरसकट समर्थनाचा नव्हता. पहिले जाळे अतिशय लाभदायक ठरले, परंतु त्यावर दुसरे तसेच जाळे बांधले तर तेवढाच लाभ पुन्हा मिळेल असे मानायला आधार नाही, असे त्यांनी दाखवले. एकमेकांशी न जोडलेली दोन शहरे जोडणे ही एक गोष्ट आणि जोडलेल्या शहरांमध्ये आणखी एक मार्गिका वाढवणे ही दुसरी.

जिल ड्युरांटन, पीटर मॉरो आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०१४ मध्ये याच जाळ्याचा व्यापारावरील परिणाम तपासला. शहरातील महामार्ग १० टक्क्यांनी अधिक असतील तर त्या शहरातून बाहेर जाणाऱ्या मालाचे वजन सुमारे ५ टक्क्यांनी अधिक असते, असे त्यांना आढळले. मात्र त्या मालाच्या एकूण मूल्यात फारसा फरक दिसला नाही. अधिक रस्ते मिळालेली शहरे जड माल बनवण्याकडे वळली होती. हा निष्कर्ष मला या साऱ्या विषयातील सर्वांत बोलका वाटतो, कारण वजन आणि मूल्य या दोन रेषा येथे एकाच अभ्यासात, एकाच मालाबाबत, एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात.

रस्त्याची किंमत

लाभाचा हिशेब करताना खर्चाची बाजू पुष्कळदा गाळली जाते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा नावाच्या गावाजवळ (कॅनडाच्या राजधानीशी याचा संबंध नाही) मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवून रस्ते कसे झिजतात याची चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज प्रत्येक आसावरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरील भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. म्हणूनच अतिभारित ट्रक वाहतूकदाराला एका खेपेत अधिक कमाई देतो आणि रस्त्याच्या दुरुस्तीचा बोजा सर्वांवर टाकतो. पुढे ती दुरुस्तीही उत्पन्नात मोजली जाते. खड्डा बुजवण्यासाठी आणलेली खडी ट्रकमधून येते, तिचे टन-किलोमीटर होतात, मजुरी आणि कंत्राटाची रक्कम उत्पादनात धरली जाते, आणि या सगळ्यातून आपण फक्त पूर्वी होता तेवढाच रस्ता परत मिळवलेला असतो.

युरोपीय आयोगाने २००१ मधील वाहतूक धोरणात आर्थिक वाढ आणि वाहतुकीची वाढ यांचे नाते तोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २००६ मध्ये धोरणाचा आढावा घेताना भर बदलला. वाहतूक स्वतः रोखण्यापेक्षा तिचे दुष्परिणाम वाढीपासून वेगळे करावेत अशी भूमिका आली. काहींनी याला माघार म्हटले. मला हा बदल अधिक प्रामाणिक वाटतो, कारण माल हलणे थांबवता येत नाही, पण प्रत्येक टनामागे किती किलोमीटर, किती इंधन आणि किती रिकाम्या फेऱ्या लागतात हे बदलता येते.

ते कसे बदलते याचे उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये आहे. तेथे १ जानेवारी २००१ पासून ३.५ टनांवरील मालवाहनांना देशातील सर्व रस्त्यांवर शुल्क लागू झाले आणि ते तीन गोष्टींवर ठरू लागले: किती अंतर धावले, अनुज्ञेय वजन किती, आणि इंजिन किती प्रदूषण करते. त्याच वेळी ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा २८ टनांवरून ३४ टनांवर आणि २००५ मध्ये ४० टनांवर नेली गेली. एका हाताने प्रत्येक किलोमीटर महाग केला आणि दुसऱ्या हाताने एका खेपेत अधिक माल नेण्याची मुभा दिली. शुल्क रिकाम्या ट्रकलाही तेवढेच पडत असल्याने परतीचे भाडे शोधण्याची, दोन अर्ध्या खेपांची एक पूर्ण खेप करण्याची आणि जुने ट्रक बदलण्याची निकड वाहतूकदारांना वाटू लागली. तोवर वर्षानुवर्षे वाढत आलेले मालवाहनांचे किलोमीटर पहिल्या काही वर्षांत घटले, माल मात्र हलत राहिला. जमा झालेल्या शुल्काचा सुमारे दोन तृतीयांश भाग संघराज्य सरकारकडे जातो आणि त्यातून प्रामुख्याने आल्प्सखालच्या बोगद्यांसारखे रेल्वेचे मोठे प्रकल्प उभे राहिले. उरलेला एक तृतीयांश प्रांतांना मिळतो.

दरम्यान मोजणीच्या वहीबाहेर एक नवे वाहन वाढते आहे. युरोपीय संघाच्या मालवाहतुकीच्या आकडेवारीत सर्वसाधारणपणे ३.५ टनांपर्यंतच्या गाड्या धरल्या जात नाहीत. घरपोच मागवलेले खोके नेमके अशाच छोट्या गाड्यांतून येते. मोठ्या ट्रकमधून दुकानात गेलेल्या शंभर खोक्यांची एकच खेप नोंदली जात असे. तीच शंभर खोकी आता शंभर दारांशी थांबत थांबत जातात, आणि त्या थांब्यांपैकी एकही टन-किलोमीटरच्या तक्त्यात उतरत नाही.